शिकाऊ गाडीतला आवाज

मित्रांनो, मी मोटारीत बसवायचा एक जुना स्टिरिओ आहे. सध्या एका दुरुस्तीच्या दुकानात, फळीखालच्या खोक्यात पडून असतो. अंगावर दोन मुके हॉर्न आणि वायरींचं भेंडोळं आहे. माझं तोंड वरच्या बाजूला आहे, म्हणून थोडा उजेड तरी दिसतो.

माझ्यात एक खोड आहे. ती आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यापायी घडलं. माझ्यातून तीन तऱ्हांचे आवाज यायचे. रेडिओचा, पेन ड्राइव्हमधल्या गाण्यांचा आणि वायर जोडली की फोनमधला. रेडिओ खणखणीत वाजायचा, गाणी बेताची वाजायची, आणि फोनचा आवाज इतका बारीक, की बटण पार शेवटपर्यंत फिरवल्याशिवाय शब्द लागायचे नाहीत. बटण मात्र तिघांत मिळून एकच. फोन चालू असताना वायर निघाली, की मी आपोआप रेडिओवर जायचो, आणि बटण तर शेवटाला टेकलेलं. मग जो आवाज फुटायचा, त्याने धडधाकट माणसाचंही काळीज तोंडाशी यायचं.

कारखान्यात एका मुलीने मला तपासलं होतं. रेडिओ लागतो, ठीक. गाणी लागतात, ठीक. फोन लागतो, ठीक. एकामागून एक लावले तर कसे लागतात, हे बघायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने माझ्या पाठीवर हिरवी चिकटपट्टी लावली आणि मला पुढे सरकवलं.

माझे पहिले मालक गुरांचे डॉक्टर होते. ते लांबलांबच्या गोठ्यांवर जायचे आणि वाटेत फक्त रेडिओ ऐकायचे. गाडीत कुणीही बसलं की म्हणायचे, "आवाज बघा कसा आहे. शेजारी बसून कुणी बोलतंय असं वाटतं." मी खूश व्हायचो. फोनची वायर त्यांनी कधी जोडलीच नाही, त्यामुळे माझी खोड झाकली गेली. पुढे त्यांची कंबर धरली, फिरणं सुटलं, आणि ती गाडी माझ्यासकट ड्रायव्हिंग स्कूलने घेतली.

तिथे गाडीच्या टपावर पाटी चढली आणि शेजारच्या सीटपुढे दुसरा ब्रेक बसला. त्या सीटवर उस्ताद बसायचे. गाडी शिकवणाऱ्याला सगळे याच नावाने हाक मारायचे. माणूस हुशार. इंजिनाचा आवाज ऐकून गिअर चुकला की बरोबर, ते सांगायचे. सांगताना मात्र अडायचे. 'क्लच' म्हणताना जीभ टाळूला चिकटायची, मान एका बाजूला ओढली जायची आणि शिकणारा खिडकीबाहेर बघायला लागायचा.

म्हणून त्यांनी एक युक्ती केली. दुपारी गाडी सावलीत लावून, काचा वर करून, एकेक वाक्य फोनमध्ये भरून घेतलं. 'क्लच दाबा.' अडलं की पुसायचे आणि पुन्हा म्हणायचे. घामाने शर्ट पाठीला चिकटायचा, तरी सोडायचे नाहीत. शेवटी एकही अडखळ नसलेला धडा तयार झाला. तो ते वायर जोडून माझ्यातून ऐकवू लागले. फोनचा आवाज बारीक, म्हणून बटण कायम शेवटाला.

एके दिवशी औषधांच्या दुकानातले एक गृहस्थ शिकत होते. त्यांच्या कोपराचा धक्का लागून वायर निघाली. मी रेडिओवर गेलो आणि फुटलो. गृहस्थ किंचाळले, दोन्ही हात डोक्यावर घेतले, गाडी भर चौकात बंद पडली. मागे हॉर्नचा गोंगाट उठला. उस्ताद मात्र हसत सुटले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मी त्यांना तोवर कधी हसताना पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून वायर निघू लागली. त्यांचं बोलणं ऐकून ज्याने ओठ दाबून हसू आवरलं, त्याच्या वेळी तर हमखास. उस्ताद बोटात वायर गुंडाळून बसायचे आणि चौक आला की हिसका द्यायचे. "वा... वायर सैल आहे," म्हणायचे आणि दुसरीकडे तोंड फिरवायचे. हळूहळू जे हसले नव्हते, त्यांचीही वायर निघू लागली.

मग बाई आल्या. निवृत्त शिक्षिका, ताठ पाठीच्या, पर्स मांडीवर घट्ट धरून बसणाऱ्या. त्यांच्या यजमानांची नजर अधू झाली होती. घरची गाडी दारात उभी होती, पण चालवणारं कुणी नव्हतं. लेक दुसऱ्या गावात होती, तिला दिवस गेले होते. तिच्या वेळेला आपण स्वतः गाडी चालवत जायचं, असं बाईंनी ठरवलं होतं.

पहिल्याच दिवशी धडा ऐकता ऐकता त्या म्हणाल्या, "'गिअरला न्यूट्रल करा' असं नसतं. गिअर न्यूट्रलमध्ये आणतात. कोण बोलतंय हे? तोंडात गोळी धरून बोलल्यासारखं वाटतंय."

उस्तादांचा हात फोनवरच थांबला. त्यांनी बाईंकडे नीट निरखून पाहिलं.

"तुम्ही शा... शाळेत होतात ना?"

"जन्म गेला शाळेत. कशावरून ओळखलंत?"

"बोलण्यावरून," उस्ताद म्हणाले. त्या दिवशी वायर चार वेळा निघाली.

बाई जिद्दीच्या होत्या. आवाज फुटला की त्यांचे खांदे कानाला भिडायचे, ओठ पांढरे पडायचे, पण त्या स्टिअरिंग सोडायच्या नाहीत. "वायर नीट करून घ्या," एवढंच म्हणायच्या. "हो बाई," उस्ताद म्हणायचे. पुढे पुढे तर असं झालं, की चौक दिसला की आवाज न होताही त्यांचे खांदे वर जायचे. उस्ताद ते बघायचे. कधी कधी हिसका न देता नुसतीच वायर बोटाला गुंडाळायचे आणि त्यांचं थरथरणं बघत बसायचे. मित्रांनो, माझं तोंड रस्त्याकडे नव्हतं, माणसांकडे होतं. त्यामुळे मला हे सगळं दिसायचं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी बाईंनी यजमानांना सोबत आणलं. ते मागच्या सीटवर बसले. बायकोचं कौतुक करत होते. "गाडी चालतेय असं वाटतसुद्धा नाही गं," म्हणाले. चढावर, गाडी अर्ध्या क्लचवर थरथरत उभी असताना, उस्तादांनी वायर ओढली.

बाईंनी गाडी सावरली. पण मागे नजर अधू असलेला म्हातारा माणूस, त्याला कळेचना की काय कोसळलं. "अगं काय झालं, अगं काय झालं," म्हणत ते पुढची सीट चाचपू लागले. आवाज थांबला, तरी त्यांचा श्वास बसेना. थोड्या वेळाने गाडीत वास आला. त्यांची पँट भिजली होती.

उस्तादांनी माझी कळ दाबून मला बंद केलं. बटण तसंच शेवटाला राहिलं. गाडी स्कूलपाशी आल्यावर ते म्हणाले, "काका, उतरा. बाई, डिकीत फडकं आहे. सीट पुसून द्या. पुढचा मा... माणूस यायचाय."

बाईंनी गुडघे टेकून सीट पुसली. यजमान पुढे पिशवी धरून दाराशी उभे होते. पुसता पुसता बाई म्हणाल्या, "वायर सैल नाहीये. तू ओढतोस."

"पा... पाचवीचा वर्ग," उस्ताद म्हणाले. "खिडकीजवळचा बाक. तुम्ही मला उभं करून धडा वा... वाचायला लावायचात. मी अडलो की शब्द सुटेपर्यंत सगळा वर्ग आकडे मोजायचा. तु... तुम्ही मोजायला लावायचात."

बाईंनी पुसणं थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. "तू कोणता, ते आठवत नाही मला," त्या म्हणाल्या. "तसं मी बऱ्याच जणांना करायचे. त्याने जीभ सुटते असं वाटायचं." त्यांनी फडकं पिळून डिकीत टाकलं. "उद्या गाडी तूच आणणार ना?"

"हो."

ती दोघं गेल्यावर उस्ताद पुन्हा गाडीत येऊन बसले. इतकी वर्षं मनात धरून ठेवलेलं भांडण, आणि समोरच्या माणसाच्या ते गावीही नव्हतं. त्यांनी वायर काढली, गुंडाळली आणि खणात टाकून दिली.

दुसऱ्या दिवशी परवाना कार्यालयामागच्या मैदानात परीक्षा झाली. तिथपर्यंत जाताना उस्ताद आपल्या तोंडाने सूचना देत होते. बाई त्यांचा शब्द पुरा होऊ देत नव्हत्या. "कळलं, कळलं," म्हणून पुढे जायच्या.

परीक्षेला शेजारी निरीक्षक बसला. मागे उस्ताद आणि यजमान. बाईंनी वळणं घेतली, चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलली, सगळं चोख. उरलं फक्त गाडी मागे घेऊन दोन खांबांच्या मधे लावणं. बाईंनी रिव्हर्स गिअर टाकला आणि गाडी हळूहळू मागे घेऊ लागल्या. निरीक्षकाचं काम झाल्यातच जमा होतं. तो जांभई देत म्हणाला, "वादळ येणार म्हणत होते. रेडिओ काय सांगतोय बघू."

त्याचा हात माझ्याकडे आला. आरशात मला उस्तादांचं तोंड दिसलं. त्यांची मान एका बाजूला ओढली गेली होती.

"आ..." ते म्हणाले. "आ... आ..."

"मध्ये बोलू नका," बाई बाजूच्या आरशातली नजर न काढता म्हणाल्या. "परीक्षा चाललीय."

निरीक्षकाने कळ दाबली.

बाईंचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडला. निरीक्षकाचा पाय दुसऱ्या ब्रेकपर्यंत पोचायच्या आत गाडी सुसाट मागे गेली, खांब मोडला आणि भिंतीवर आदळली. यजमानांचा हात सीट आणि दाराच्या मधे सापडला. हाड मोडल्याचा आवाज माझ्या गोंगाटातही ऐकू आला. निरीक्षकाने मला बंद केलं, खाली उतरून कपडे झटकले आणि म्हणाला, "इतक्या घाबरट माणसाने गाडीच्या वाटेला जाऊच नये."

बाईंनी यजमानांचा हात आपल्या पदरात बांधला. कुणाची तरी गाडी त्यांना दवाखान्यात न्यायला आली. उस्ताद वाट अडवून उभे होते. ओठ हलत होते. या वेळी बाई थांबल्या. शब्द पुरा होईपर्यंत थांबल्या.

"आ... आवाज मोठा होता," उस्ताद म्हणाले.

"हो," बाई म्हणाल्या. "आता सगळ्यांनाच कळलं ते." आणि त्या गेल्या. लेकीच्या वेळेला त्या कशा पोचल्या, पोचल्या की नाही, मला माहीत नाही.

दोष माझ्यावर आला. स्कूलच्या मालकाने मला उपटलं आणि नवा स्टिरिओ बसवला. मी तेव्हा मागच्या सीटवर पडून होतो. नव्याचे तिन्ही आवाज सारखे होते. उस्तादांनी वायर जोडली, धडा लावला आणि हळूच हिसका दिला. आवाज काही वाढला नाही. त्यांनी वायर पुन्हा जोडली आणि पुन्हा ओढून पाहिली.

मित्रांनो, मला पुन्हा कुठे बसवा, असं मी म्हणत नाही. माझं मागणं लहान आहे. कुणाच्या शेजारी बसून कळ दाबायची असेल, तर आधी 'आवाज येईल हं' एवढं म्हणा. आणि ते म्हणायला एखाद्याला वेळ लागत असेल, तर कळेवरचा हात तेवढा वेळ मागे घ्या.