खालचा सूर

फुप्फुसाचा तुकडा काढल्यापासून वाद्यवृंदातला मोठा ट्यूबा, ते खर्जात वाजणारं अवजड पितळी वाद्य, फुंकणं तिच्या आवाक्याबाहेर गेलं होतं. एकटीने किंवा चौघा-पाचजणांत वाजवायला लहानसा घ्यावा, म्हणून ती नवऱ्यासोबत वाद्यांच्या दुकानात आली होती. सगळ्यांत लहान ट्यूबा तिने मांडीवर घेतला. वरचे सूर असे गोड निघाले की नवऱ्याचा चेहरा खुलला. पण खाली उतरताच सूर फुसका झाला. तिने पुन्हा दम भरला, पुन्हा तेच.

"यात खालचा सूर जरा अडतोच," दुकानदार समजुतीने म्हणाला.

तेवढ्यात दुरुस्ती करणारे काका आतून आले. "बघू, कळ अडकतेय का," म्हणत त्यांनी तोच सूर लावला. काचेचं कपाट थरथरलं.

"छे हो, ठणठणीत आहे!"



"दुसरा बघू या ना," नवरा हळूच म्हणाला.

"अरे, दुसऱ्यातही फुंकायचं मलाच आहे ना?"

"आठवडाभर घरी नेऊन बघा," दुकानदार म्हणाला.

तिला हो म्हणवेना, नाही म्हणवेना. शेवटी नवऱ्यानेच ट्यूबा पेटीत ठेवून उचलला आणि ती त्याच्या मागोमाग निघाली.