भस्मानं बरा झालेला हयवदन

"हा पोरगा भिंतीशी बोलायचा! आज ऑफिसात हिशेब बघतो!" स्वामी गरजले, तसे चामराजपेटच्या त्या मंडपात शेकडो हात जोडले गेले. शेजारी हयवदन संकोचून उभा होता. "डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मी चिमूटभर भस्म! गोळ्या फेका, बाधा पळेल!"

चिमूटभर राखेला बाधा कशी सापडते, हे कुणीच विचारलं नाही.

पुढच्या रांगेत हयवदनची आई वसुमती मान खाली घालून बसली होती. शेजारचा उपेंद्र तिला म्हणाला, "अक्का, तुमच्या मुलाला बघून माझ्या हर्षिताच्या गोळ्या बंद केल्या. आता पोरगी झोपत नाही. स्वामी म्हणतात, बाधा निघताना स्वल्प त्रास होतोच."

त्याची मुलगी दोन्ही कान घट्ट दाबून बसली होती.

वसुमतीला राहवेना. ती उठली. "स्वामी, माझा मुलगा भस्मानं बरा झालेला नाही. त्याच्या कॉफीत मी रोज डॉक्टरांचं औषध घालते."

"बाधा आता आईत शिरली!" स्वामी हसले. लोकही हसले.

"मग दिवाळीत काय झालं? मी तापानं पडले होते, औषध चुकलं. भस्म तर चालूच होतं. तरी त्याला आवाज ऐकू यायला लागले. तुम्ही म्हणालात, ग्रह फिरलेत. मी उठून औषध सुरू केलं, तेव्हा तो सावरला."

हसणं थांबलं. स्वामींनी घाईनं आरती सुरू केली. उपेंद्रनं मुलीचा हात धरला आणि तो तडक दवाखान्याकडे निघाला.

हयवदन व्यासपीठावरून खाली आईजवळ आला. "मला न सांगता?"

"तू गोळ्या थुंकायचास. डॉक्टर म्हणाले, औषधाचे थेंब द्या, पण त्याला आजार समजावून सांगा. मला लाज वाटली रे. लोक काय म्हणतील, तुझं लग्न... भस्माचं नाव सांगणं सोपं होतं."

"आणि मी लोकांना गोळ्या सोडा म्हणून सांगत फिरलो!" त्याला मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्यानं स्वतःच आजाराचं नाव विचारलं. "स्किझोफ्रेनिया," डॉक्टर म्हणाले. तो चिडला, "मला काही झालेलं नाही" म्हणत बाहेर गेला. बऱ्याच वेळानं परत आला. "सरी, ठीक आहे. पुन्हा सांगा."

मेंदूचा आजार हाही आजारच. ज्याला तो झालाय, त्याला त्याचं नाव आणि औषध कळायलाच हवं, पुन्हा पुन्हा सांगावं लागलं तरी. आपण लाजेनं गप्प बसतो, म्हणून स्वामींचा आवाज चढतो.