प्रणयचा झटपट पास्ता

प्रणयच्या मते स्वयंपाक हा निव्वळ नियोजनाचा प्रश्न होता. हे मत त्याने शनिवारी जेवताना, हेमांगीने वाढलेली तिसरी पोळी मोडता मोडता मांडलं. मोबाइलवर त्याने व्हिडिओ पाहिला होता : वसंतातल्या कोवळ्या भाज्या, पास्ता, एकच भांडं आणि पंधरा मिनिटं. बायका उगाच अर्धा दिवस ओट्याशी काढतात, असंही तो म्हणाला. हेमांगीच्या ओठांवर बरंच काही आलं होतं. ते गिळून ती म्हणाली, "मग उद्याचं जेवण तुझ्याकडे."

तिच्या सासूबाईंना, मनोरमाबाईंना, ठसका लागला.

रविवारी सकाळी स्वारी पिशवी घेऊन केबिन रोडच्या बाजारात निघाली. वसंतातल्या भाज्या मिळवायच्या तर आधी भाईंदरमध्ये वसंत सापडायला हवा. एप्रिल तापला होता आणि भाजीवाले कोथिंबिरीवर पाणी मारून मारून थकले होते. प्रणयने एकाला अ‍ॅस्परॅगसच्या लांब हिरव्या कोंबांचा फोटो दाखवला. त्याने तो नीट न्याहाळला आणि शेवग्याच्या शेंगा पुढे केल्या. "यही है साहब, बस थोडा बडा हो गया है." प्रणयने त्या घेतल्या. सोबत पिवळटलेली ब्रोकोली, सिमला मिरची आणि डेअरीतून गोठवलेले मटार. मटारांना तर ऋतूच माहीत नव्हता.

मग एका भांड्याचा स्वयंपाक सुरू झाला. त्या एका भांड्याच्या मदतीला कढई आली, दोन पातेली आली, पुरणाची चाळण आली. हेमांगी सोफ्यावर पंख्याखाली बसली होती. रविवारी या वेळी आपण कधी बसलो होतो, हे तिला आठवेना. लसूण करपल्याचा वास आला तेव्हा तिचे पाय आपोआप उठायला लागले. तिने ते सोफ्यावर ओढून मांडी घातली. मनोरमाबाई मात्र उठल्याच.

"बसा आई," ती म्हणाली. "त्याचं नियोजन बिघडेल."

जेवायला अडीच वाजले. आणि दुर्दैव असं की पास्ता चांगला झाला होता. लिंबू, मिरपूड, मटार, सगळं जागच्या जागी. शेवग्याच्या शेंगा चोखायच्या की बाजूला काढायच्या, एवढाच काय तो प्रश्न. हेमांगीने सकाळपासून मनात घोळवलेली वाक्यं फुकट गेली. दुसऱ्यांदा वाढून घेताना तिला स्वतःचाच राग आला.

तेवढ्यात समोरच्या हंसाबेन वाटी परत करायला आल्या. त्या लसूण खात नसत, त्यामुळे पास्ता चाखायचा प्रश्नच नव्हता. प्रणयच्या अंगावरचा एप्रन बघूनच त्यांचे डोळे भरून आले. "कितने अच्छे हैं प्रणयभाई! हमारे ये तो पानी भी हाथ से नहीं लेते." चौदा वर्षं त्या हेमांगीकडची थालीपिठं लसणाशिवाय करवून घेऊन खात होत्या आणि त्यांत तिखट कमी की जास्त, एवढंच सांगत होत्या. प्रणय लाजून उभा होता. त्याला आवडत होतं ते.

हेमांगीच्या डोक्यात तिडीक गेली. पण ती हंसाबेनपेक्षाही गोड आवाजात म्हणाली, "अब तो हर संडे यही बनाएंगे. खुद बोले हैं."

प्रणय असं काही बोलला नव्हता. तो तसं सांगायला तोंड उघडेपर्यंत हंसाबेन ही बातमी घेऊन जिन्यापर्यंत पोचल्या होत्या, आणि संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर त्याचं अभिनंदन सुरू होतं. सेक्रेटरींनी तर फुलांचा गुच्छ टाकला. एवढं झाल्यावर माघार कशी घ्यायची?

पुढच्या रविवारी उठल्या उठल्या त्याची कंबर धरली. हेमांगीला हे अपेक्षितच होतं. सुस्कारा सोडून ती ओट्याकडे वळली. पण मनोरमाबाईंनी तिला हातानेच थांबवलं, लेकाला पालथं झोपवून कंबरेला भरपूर बाम चोळला आणि म्हणाल्या, "आता उभा राहा बघू. हात धुऊन भाज्या चिरायला घे, मला लवकर भूक लागते."

तो उठला.