लीलाबाईची शिलाई मशीन

मी लीलाबाईची शिलाई मशीन बोलतेय. या घरात आता लोखंडालाच बोलावं लागतं.

सेलूतल्या कितीतरी बायकांचे ब्लाउज माझ्या सुईखालून गेले. लीलाबाईचे हात आणि तोंड एकाच वेगानं चालायचे. "काऊन व अनुसया, गळा केवढा ठेवू? सासू ओरडन एवढा, की नवरा पाह्यन एवढा?"

मग तिला लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. कळतं सगळं, तोंडातून शब्द निघत नाही. पुण्याची नोकरी घरून करायला तिची लेक सुरभी परत आली. तिनं माझा पट्टा काढला, डोकं खाली दुमडलं आणि वरच्या फळीवर दोन लॅपटॉप मांडले. एक कंपनीचा, एक तिचा जुना.

दिवसभर ती कंपनीचे प्रोग्रॅम लिही. मीटिंग चालू असतानाच माइक बंद करून आईला वरणभात भरवी. विचारात पडली की तिचे पाय माझं पायडल हलवत. पट्टाच नाही, टाका कुठून पडणार?

रविवार जुन्या लॅपटॉपचा. सुरभी पुण्यात असताना लीलाबाई तिला फोनमध्ये आवाज भरून निरोप पाठवायची. "जेवली का व? पाणी पित जाय. बापावर चिडू नको." जुन्या साडीतून झबलं बेतावं तसे सुरभीनं त्यातून एकेक शब्द कापले. पडद्यावर प्रत्येक शब्दाला एक चित्र दिलं. चित्राला बोट लावलं की लॅपटॉप बोले, लीलाबाईच्याच आवाजात. लीलाबाईनं डाव्या हातानं पहिलं बोट लावलं ते "नको"ला. आपलाच आवाज ऐकून ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं.

"इतक्या दिवसांनी बोलली, तं पयले नकोच म्हटलं बाईनं!" अण्णाजी म्हणाले. अण्णाजी म्हणजे सुरभीचे बाबा.

कंपनीचं काम सुरभी रोज दोन ठिकाणी जपून ठेवी. हे मात्र घरचं, आणि घरचं काम नेहमी मागेच राहतं. तिचा फोन भरला तेव्हा मूळ निरोप पुसले गेले; आता तो आवाज फक्त जुन्या लॅपटॉपमध्ये होता. "दिवाळीच्या सुट्टीत सगळं फोनवर टाकते, आई," ती म्हणायची.

त्याआधी दसरा आला.

सुरभी दाराला तोरण बांधत होती. अण्णाजी ट्रॅक्टरची पूजा करून घरात आले. जुना लॅपटॉप उघडा होता, चालू होता. त्यांनी त्याला हळद-कुंकू लावलं, झेंडू वाहिला, माझ्या पायावर नारळ फोडला. लीलाबाई खाटेवरून बघत होती. तिनं डावा हात उचलला, घशातून आवाज काढला. अण्णाजींना वाटलं, तिलाही नमस्कार करायचाय. त्यांनी तिचे दोन्ही हात जोडून दिले. मग नारळाचं पाणी लॅपटॉपवर ओतलं.

"बाबा! काय केलं हे?"

"पूजा केली. याच्यावरच तं घर चालते."

"मले विचारायचं तरी!"

"देवाचं करताना पोरीले काय विचारायचं?"

"वर्षभर तुमीच म्हटलं, डब्ब्यापुढं बसून राह्यते, लग्नाचं नाव नाई. आज डब्बा देव झाला? आईचा आवाज होता त्यात, बाबा!"

अण्णाजी गळ्यातल्या दुपट्ट्यानं लॅपटॉप पुसत राहिले. पुसतच राहिले.

वर्ध्याच्या दुकानदारानं तो उघडून पाहिला. "यातून काहीच निघत नाई, ताई."

आता कंपनीच्या लॅपटॉपशेजारी एक टॅबलेट आहे. सुरभीनं सगळी चित्रं पुन्हा मांडली. आवाज मात्र तयार, कुठल्यातरी अनोळखी बाईचा. "मला पाणी हवे आहे." लीलाबाई जन्मात अशी बोलली नाही. अण्णाजी त्या खोलीत येत नाहीत. सुरभी त्यांना बोलवत नाही.

पुढच्या दसऱ्याला मला हळद-कुंकू लावू नका. हात जोडण्याआधी, ज्याचे हात धरलेत त्याचा चेहरा तेवढा बघा. बाकी माझं काही मागणं नाही.

काल सुरभीनं टॅबलेट आईपुढं धरला. "बोल ना व माय, काहीतरी."

लीलाबाईनं बोट लावलं.

"नको," अनोळखी बाई म्हणाली. पुन्हा बोट. "नको." लीलाबाईचं बोट तिथून हललं नाही. सुरभी वर बघत नव्हती, आणि खाली तिचे पाय माझं रिकामं पायडल हलवत होते.