खालचा आवाज

"ताई, शेवटचा 'गो' लांबवू की तोडू?" काचेपलीकडून चांदणीने विचारलं.

"लांबव. पण नाकात नको जाऊ देऊस. मी डमीत गायलेय ना, तसंच. परत एकदा ऐक."

चांदणीने हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबले, डोळे मिटले आणि रसिकाने आधीच गाऊन ठेवलेली ओळ ऐकली. मग माइकसमोर तोंड नेऊन गायली. 'मुर्ध्याचे मांडवान दिवा लागला गो' इथवर बरं गेलं. 'गो' मात्र नाकातच गेला.

"छान," रसिका म्हणाली. छान नव्हतं, पण घाई होती. शेजारच्या गाळ्यात स्टीलचे डबे बनायचे आणि तिथला पत्रा ठोकणारा प्रेस फक्त जेवणाच्या सुट्टीत थांबायचा. हाटकेशच्या त्या औद्योगिक वसाहतीत कलेच्या वाट्याला आलेला वेळ तेवढाच. कामगारांनी हात धुतले की इकडचं गाणं संपलं म्हणून समजायचं. प्रेसचा आवाज अडवायला जितेंद्रने भिंतींना फोम लावला होता, दाराला रबराची पट्टी मारली होती, एक खिडकी होती तीही विटांनी बुजवून टाकली होती. आवाज तरीही जमिनीतून यायचाच. वारा तेवढा यायचा बंद झाला. एसीची घरघर माइक पकडतो म्हणून गाणं चालू असताना तोही बंद ठेवायचा. तेव्हा मंगलकार्याची गाणी जिथे तयार होत, तिथे गाणारीला आणि ऐकणारीला सारखाच घाम फुटे.

जितेंद्र म्हणजे रसिकाचा नवरा आणि गाळ्याचा मालक. परळची खोली विकून दोघं मिरा रोडला आली, त्यातूनच हा स्टुडिओ उभा राहिला. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर रसिकाला भांडायला तरी सोपं गेलं असतं. तो येईल त्या गिऱ्हाइकाला कौतुकाने सांगे, "आमची मॅडम गाते पण आणि मिक्सिंग पण करते. असा कान अख्ख्या भाईंदरमध्ये नाही." आधीचा मिक्सिंग करणारा मुलगा अंधेरीला पळाला, तेव्हा "नवीन कोणी मिळेपर्यंत तू बघ" असं ठरलं होतं. नवीन कोणी शोधायचा असतो हे पुढे दोघंही विसरली. ती गाणं शिकलेली होती, लग्नाआधी वाद्यवृंदांतून गायची, आणि स्टुडिओ काढायचा तो तिच्यासाठीच, असं जितेंद्र तेव्हा म्हणायचा. तसं तो मनापासूनच म्हणायचा.

गाण्यात आवाज बसवणं हे वरणात मीठ घालण्यासारखं काम आहे. कमी पडलं तर कळतं, जास्त झालं तर कळतं, आणि बरोबर पडलं तर कोणी नाव काढत नाही. चांदणीचा आवाज गोड, पण पातळ. वर उचलला तर तो ढोलताशावर वेगळाच तरंगायचा आणि खाली घेतला तर बेंजोखाली बुडून जायचा. तिच्या पहिल्या गाण्याला रसिकाने सगळे उपाय केले. वाद्यांना थोडं मागे सारून जागा केली, नाकातला सूर कापला, जरा घुमारा दिला. तरी आवाज बसेना. मशीनने सूर सरळ करून पाहिले, तर पोरगी यंत्रातून बोलल्यासारखी वाटायला लागली. शेवटी जितेंद्रच म्हणाला, "अगं, तुझी डमी आहे ना? ती ठेव की हळूच खाली. कोणाला कळतंय?"

कोणालाच कळलं नाही. कळू नये हीच तर त्यातली कारागिरी होती. नुसती डमी ठेवून भागायचं नाही, दोन बायका गातायत हे लगेच ऐकू येतं. म्हणून चांदणी गाऊन घरी गेली की रसिका पुन्हा माइकसमोर उभी राही आणि चांदणीवर गायची. ती जिथे श्वास घेते तिथे श्वास, ती जो शब्द अर्धा खाते तो तसाच अर्धा, तिचा 'स' जरा दातात अडकतो तर आपलाही अडकवायचा. मग दोन आवाज एकमेकांवर असे बसत की ऐकणाऱ्याला एकच भरदार आवाज ऐकू येई. ते पहिलं गाणं त्या वर्षी उत्तनपासून राईपर्यंत प्रत्येक हळदीत वाजलं. दुसऱ्या गाण्याला जितेंद्र म्हणाला, थोडा अजून घे. तिसऱ्याला कोणी काही म्हणायची गरजच उरली नाही. आता चांदणीचं गाणं म्हणजे खाली सगळी रसिका आणि वर चांदणीचे नुसते ओठ, अशी अवस्था होती. चांदणीला हे माहीत होतं का, हे रसिकाला माहीत नव्हतं. विषय कधी निघालाच नाही. स्टेजवर चांदणी हे तयार गाणं लावूनच गायची आणि लोक हळदीने माखलेल्या हातांनी तिच्याबरोबर फोटो काढायचे.

मात्र यंदा रसिकाने एक गोष्ट केली होती आणि ती जितेंद्रलाही सांगितली नव्हती. दादरचे एक संगीतकार, कौस्तुभ त्यांचं नाव, भक्तिगीतांचा संग्रह करत होते आणि त्यांना नवा बाईचा आवाज हवा होता. रसिकाने गाळ्यात एकटीने एक भजन गायलं. ना ढोल, ना बेंजो. नुसता तंबोरा आणि ती. आणि ते पाठवून दिलं. हे झालं तर आपण पुन्हा काचेच्या त्या बाजूला जाऊ आणि तिथे आपलं नाव असेल, एवढंच तिला हवं होतं. त्यापुढचं तिने काही मागितलं नव्हतं.

चांदणीचं गाणं आटोपलं आणि ती घरी गेली. शेजारचा प्रेस सुरू व्हायला अजून थोडा वेळ होता, तेवढ्यात रसिकाचा फोन थरथरला. गाळ्यात रेंज नाही म्हटलं तरी चालेल, म्हणून ती फोन घेऊन धावत बाहेर पॅसेजमध्ये आली.

"रसिकाताई, कौस्तुभ बोलतोय. ऐकलं मी. आवाज तयार आहे तुमचा, सूर पक्का आहे."

"थँक्यू सर."

"पण स्पष्ट बोलतो, रागावू नका. ती हळदीच्या गाण्यांवाली आहे ना, चांदणी? सेम तिच्यासारखं गाताय तुम्ही. श्वास घेणं, तो 'स', ओळ सोडायची पद्धत, सगळं. माझी बायको आतून विचारते, चांदणी कधीपासून भजनं गायला लागली? आता लोक काय म्हणतील, सांगा. एक चांदणी आहेच ना मार्केटमध्ये."

रसिकाने भिंतीला हात टेकवला. समोर स्टीलच्या झाकणांनी भरलेला टेम्पो मागे येत होता आणि एक माणूस "आने दो, आने दो" म्हणून ओरडत होता.

"सर, तो आवाज..." ती म्हणाली.

"बोला ना."

बोलायचं तर होतं. पण बोललं तर चांदणी संपणार, आणि चांदणीच्या गाण्यांवरच गाळा चालतो, म्हणजे गाळाही संपणार. नाही बोललं तर आपण संपतो. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना. शिवाय खरं सांगितलं तरी विश्वास कोण ठेवणार? नक्कल करणारी प्रत्येक बाई असंच म्हणत असेल.

"काही नाही सर. बरोबर आहे तुमचं."

"तुमचा स्वतःचा आवाज शोधा, ताई. टॅलेंट आहे. मग पाठवा, नक्की ऐकतो."

फोन बंद झाला. रसिकाला रडू आलं नाही, संताप आला. तोही नक्की कोणाचा हे ठरवता येईना. कौस्तुभचा करावा तर तो खरंच बोलला होता. चांदणीचा करावा तर त्या पोरीने काही चोरलं नव्हतं, तिला दिलं गेलं होतं. आणि देणारी कोण, तर आपणच. ती आत गेली, दार ओढून घेतलं आणि चांदणीवर गायला उभी राहिली. तिचा श्वास आपसूक चांदणीच्या जागी पडला. आज पहिल्यांदाच तिला त्याची किळस आली.

संध्याकाळी चांदणीचे वडील गाणं ऐकायला आले. काळूराम, मुर्धा गावचे. एके काळी त्यांची मिठागरं आणि भातशेती होती, आता तिथे इमारती उभ्या होत्या. हे गाणं त्यांच्या स्वतःच्या मुलाच्या, प्रणयच्या हळदीचं, म्हणून ते पांढरा शर्ट घालून, पेढ्यांचा पुडा घेऊन आले होते. चांदणी त्यांच्या मागे उभी राहिली.

"बसा काका," जितेंद्र खुर्ची पुढे करत म्हणाला. "असलं गाणं झालंय ना, तोडलंय पोरीने! रसिका, लाव गं."

रसिकाने पडद्याकडे पाहिलं. वर चांदणीच्या आवाजाची पट्टी, खाली आपल्या. तिने आपली पट्टी बंद केली आणि गाणं सोडलं. एकदा ऐकू दे सगळ्यांना. मी नसले की काय उरतं ते एकदा कळू दे. कोणीतरी म्हणू दे, इथे काहीतरी कमी आहे.

ढोल वाजला, सनई आली, मग चांदणी आली. एकटी. 'मुर्ध्याचे मांडवान दिवा लागला गो, भाऊ माझा पिवला झाला गो.' आवाज पातळ होता, दोन ठिकाणी सूर घसरला होता, 'गो' नाकात होता. पण घरात भावाला हळद लागताना एखादी बहीण गाईल तसाच होता तो. रसिकालाही हे आजच ऐकू आलं आणि तिला त्या पोरीची माया वाटली.

काळूरामांनी हात वर केला. "थांबव गो बाय."

गाणं थांबलं.

"यो कोनाचा आवाज हाय?"

"काका, चांदणीचाच," जितेंद्र हसत म्हणाला, पण त्याने रसिकाकडे पाहिलं.

"न्हाय, न्हाय. मी काय बहिरा हाय काय? आमचे पोरीचा आवाज मी वलखत न्हाय? रोज वाजतंय ते आमचे गावान. ही आमची चांदणी न्हाय." ते मागे वळले. "काय गो, सर्दी झाली व्हती काय तुला?"

चांदणीचा चेहरा उतरला. "नाही बाबा," एवढंच ती म्हणाली.

"अहो काका, रफ आहे ते," जितेंद्र घाईघाईने म्हणाला. "फायनल वेगळं असतं. रसिका, फायनल लाव ना. चुकून दुसरंच लागलं वाटतं."

रसिकाला काहीतरी कमी आहे हे कोणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. ते तिने ऐकलं. ती नव्हती, तेव्हा लोकांना चांदणी सापडत नव्हती. तिने खालची पट्टी चालू केली, गाणं मागे नेलं आणि पुन्हा सोडलं.

पहिल्याच ओळीला काळूराम खुर्चीत मागे टेकले. दुसऱ्या ओळीला त्यांचे डोळे भरले. "हां," ते म्हणाले, "आता आली माझी पोर." आणि गाणं संपायच्या आत त्यांनी पेढ्यांच्या पुड्याची दोरी सोडली. पहिला पेढा त्यांनी चांदणीच्या तोंडात घातला, दुसरा रसिकाच्या हातावर ठेवला. "तुमचेमुले हाय हो हे सगलं. नीट ठेवता तुमी तिला."

"काकांचा आशीर्वाद असू दे," जितेंद्र म्हणाला आणि त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेला. जाता जाता त्याने रसिकाच्या खांद्यावर हळूच थोपटलं. काय करत होतीस, असं विचारण्याचा तो प्रकार होता, आणि उत्तर नको आहे असं सांगण्याचाही.

चांदणी दारातच थांबली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "ताई, ते पहिलं लावलेलं... ते डिलीट नका करू हां."

"का गं?"

"मला व्हॉट्सअॅप करा ना. कोणाला नाही ऐकवणार. मी कधी ऐकलंच नाही मला."

 "पाठवते," रसिका म्हणाली. बाहेरून काळूरामांनी हाक मारली आणि चांदणी पळत गेली.

रसिकाने तिची पट्टी वेगळी काढली आणि तिच्या फोनवर पाठवून दिली. मग तिला वाटलं, आपणही आपलं ऐकावं. तिने वाद्यं बंद केली, चांदणी बंद केली आणि नुसता खालचा आवाज सोडला. स्पीकरमधून आवाज आला, भरदार, सुरेल, कुठेही न घसरणारा. श्वास ठरल्या जागी होता, 'स' दातात अडकत होता. गाळ्यात दुसरं कोणी नव्हतं. ती पुढे वाकून आपल्याला शोधत राहिली.

जितेंद्र परत आला. त्याने शटरचा हुक उचलला, एक दिवा बंद केला आणि आत डोकावून म्हणाला, "बास की आता चांदणी. दिवसभर तिचंच ऐकतोय आपण. चल, घरी जाऊ."

"हो," रसिका म्हणाली. "अंतरा संपू दे."