मिलिसावचा डिपर

मे महिन्यापासून कूम रादिशा मिलिसावशी बोलत नव्हता. कारण सरळ होतं. पुढे पोलीस उभे असताना मिलिसाव समोरून आला आणि त्याने डिपर मारला नाही.

एवढंच, असं कोणी म्हणू नये. मोरावा नदीकाठच्या त्या रस्त्यावर शेजाऱ्याचा बांध कोरलेला लोक विसरतात, लग्नात रस्सा कमी पडलेलाही विसरतात. पण झुडपाआड रडार लावून बसलेले पोलीस बघून आलेल्या माणसाने समोरच्या गाडीला दोनदा दिवे लुकलुकवून सावध केलं नाही, तर त्याच्या अंत्ययात्रेलाही मोजकीच माणसं येतात. रादिशा पकडला गेला. महिनाभर लायसन जमा झालं आणि तो कोंबड्यांची खुराडी मांडीवर घेऊन बसने बाजाराला गेला. बसमध्ये कोंबड्यांनी जे करायचं ते केलं, आणि तेही मिलिसावच्याच नावावर जमा झालं.

त्यातून तो कूम, म्हणजे धर्माने जोडलेला भाऊ. मिलिसावच्या लग्नात त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलेला, त्याच्या मुलीचं नाव ठेवलेला. सख्ख्या भावाशी कोर्टकज्जे खुशाल करावेत, त्याचं कोणाला काही वाटत नाही. कूमाशी अबोला धरणं म्हणजे देवाशी अबोला धरण्यातलाच प्रकार.

आणि मित्रोव्दान तोंडावर आला होता. मिलिसावच्या घराण्याची स्लावा, म्हणजे घरच्या संताचा दिवस. त्या दिवशी मेणबत्ती लागते, पाव मोडला जातो आणि कूम टेबलाच्या वरच्या टोकाला बसतो. रीत अशी, की स्लावाला कोणाला बोलवायचं नसतं. ज्याला यायचं तो आपण होऊन येतो. बोलावणं धाडलं तर ‘तू येशील असा मला भरवसा नाही’ असं तोंडावर सांगितल्यासारखं होतं. म्हणजे कूमाच्या दारात जाऊन हातापाया पडायचीही सोय नव्हती. ती खुर्ची रिकामी राहिली, तर सगळा गाव रिकाम्या खुर्चीकडे बघत जेवणार होता. त्या विचाराने मिलिसावला रात्र-रात्र झोप लागत नसे.

“मी डिपर मारला होता,” तो बायकोला शंभराव्यांदा म्हणाला. “दोनदा मारला. ह्या हाताने.”

“मग त्याला दिसला कसा नाही?” विदोसावा कांदे सोलत होती.

“दिसला! ढोंग करतोय मेला.”

विदोसावाने सुरी खाली ठेवली. “ऊठ. गाडी काढ. मी रस्त्यावर जाऊन उभी राहते, तू मला डिपर मार.”

ती पदपथाच्या कडेने चालत दूध संकलन केंद्राच्या फाटकापर्यंत गेली, वळली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मिलिसावने दिव्यांची दांडी ओढली. पुन्हा ओढली. ती तशीच उभी.

“अरे माणसा, मार की आता!” ती तिकडून ओरडली. “मला ओव्हनमध्ये पाव ठेवायचाय!”

“पाच वेळा मारला!” मिलिसाव खिडकीतून डोकं काढून ओरडला.

विदोसावाने जवळ येऊन पुढचे दोन्ही दिवे निरखले. गाडी मुलगी पहिलीत होती तेव्हाची, आणि मुलगी आता दोन लेकरांची आई. दिव्यांवरचं प्लास्टिक म्हाताऱ्याच्या नखासारखं पिवळं पडलं होतं. दरवर्षीच्या तपासणीत गाडी पास होत असे, कारण तपासणारा मिलिसावचा मावसभाऊ होता आणि तो दिव्यांपेक्षा कॉफीकडे जास्त लक्ष देत असे.

“बघितलं, इतकी वर्षं काय दिवे लावलेस ते,” विदोसावा म्हणाली.

आता कूमाला जाऊन खरं सांगावं, तर तो म्हणणार, पकडला गेल्यावर सहा महिन्यांनी सुचलेली सबब बघा! खरं सांगून उपयोग नव्हता, ते त्याला दिसायलाच हवं होतं. मिलिसाव कामाला लागला.

पहिला उपाय अर्थातच आलुबुखाराच्या दारूचा. त्या गावात गुडघेदुखीपासून काच पुसण्यापर्यंत सगळ्याला तोच उपाय. फडक्यावर थोडी, पोटात थोडी, असं करत त्याने दुपार घालवली. शेवटी मिलिसाव चकाकायला लागला, दिवे होते तसेच. मग कोणीतरी सांगितलं म्हणून टूथपेस्ट. तिने रंग उजळला, गाडीला पुदिन्याचा वास आला आणि दुसऱ्या दिवशी दंव पडल्यावर पिवळेपणा परत हजर.

शेवटी त्याने माणसासारखं काम केलं. दिव्यांच्या कडेला चिकटपट्टी लावली. पाण्यात भिजवलेला पॉलिशपेपर घेऊन आधी खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक असा घासत बसला. पिवळं पाणी ओघळून बूट भिजले. प्लास्टिक आधी दुधासारखं पांढरं झालं आणि त्याचा जीव खाली-वर झाला. पॉलिश लावून घासल्यावर मात्र आरपार दिसू लागलं. वरून पारदर्शक वार्निशचा हात दिला. नवे बल्ब आणले. तरी उजेड जेमतेमच. तेव्हा विदोसावाने बॉनेटखाली बोट दाखवलं. “ही तार हिरवी का झालीये?” दिव्यांची अर्थिंगची तार पत्र्याला जिथे बोल्टने आवळली होती, तिथे गंजाचं पीठ झालं होतं. ते खरवडून पत्रा स्वच्छ केला, बोल्ट आवळला आणि दिवे लावले. समोरच्या गोठ्याच्या भिंतीवर इतका लख्ख उजेड पडला की आतली गाय उठून उभी राहिली.

आता फक्त पोलीस हवे होते. जन्मात पहिल्यांदा मिलिसावने देवाकडे पोलीस मागितले. सोमवारी तो रस्त्यावरून दोनदा जाऊन आला, एकही टोपी नाही. मंगळवारीही नाही. “नको तेव्हा झुडपाझुडपात असतात,” तो विदोसावाला म्हणाला, “आणि गरज पडली की एक मेला कामावर नाही!”

गुरुवारी बाजाराचा दिवस. नदीवरून धुकं आलं होतं. विटभट्टीच्या वळणावर झुडपाआड त्याला निळी-पांढरी गाडी दिसली आणि त्याला हायसं वाटलं. वळण ओलांडताच त्याने समोरून येणाऱ्या प्रत्येकाला डिपर मारायला सुरुवात केली. ट्रक, ट्रॅक्टर, पाद्रीबाबांची गाडी, कोणाला सोडलं नाही. सगळे हात वर करून आभार मानत होते. आणि मग धुक्यातून कूमाची तपकिरी गाडी आली, नेहमीसारखी भरधाव. मिलिसावने दोनदा नाही, चारदा डिपर मारला.

कूमाने हात वर केला नाही. समोर बघत निघून गेला.

पुढे जायचं मिलिसावला कारणच उरलं नाही. तो वळला आणि परत निघाला. विटभट्टीच्या वळणावर पोलिसाने हात दाखवून त्याला थांबवलं.

“काका, या दिव्यांचं काय केलंत तुम्ही?” पोलीस तरुण होता, लाल नाकाचा.

“मी काही केलं नाही, साहेब.”

“असं कसं? मघाशी गेलात तेव्हाच लांबून दिसलं मला. माझ्या वडिलांकडेही अशीच गाडी आहे. दिवे असे, की मांजर समोर आलं तरी दिसत नाही. सांगा ना, काय लावलंत?”

मिलिसावला धीर आला. तो पॉलिशपेपरचं सांगू लागला, पोलीस वाकून दिव्यावर नख फिरवू लागला. तेवढ्यात धुक्यातून धापा टाकत कोणीतरी येताना दिसलं. कूम रादिशा. मिलिसावचे दिवे पोलिसापाशी थांबलेले आरशात बघून, पुढे अक्रोडाच्या झाडाखाली गाडी उभी करून तो पायी परत आला होता.

“सोडा त्याला!” तो लांबूनच ओरडला. “त्याने माझ्यासाठी डिपर मारला! मी वेग कमी केला तो त्याच्यामुळे! काय दंड असेल तो मला लावा!”

पोलिसाने कपाळावर हात मारला. “आजोबा, मी काही ऐकलं नाही. तुम्ही जा.”

“ऐकलं कसं नाही? चारदा मारला! माझे डोळे दिपले!”

“खरंय साहेब,” मिलिसाव मधेच म्हणाला. “मारला मी. ट्रकलाही मारला. पाद्रीबाबांनाही.”

पोलिसांच्या गाडीत बसलेल्या मोठ्या साहेबांनी काच खाली केली. “कोणी कोणाला डिपर मारला?”

डिपर मारून सावध करायलाही दंड होता, आणि आता ऐकलं नाही म्हणायची सोय राहिली नाही. तरुण पोलिसाने खालमानेने दंडाची पावती फाडली. ती हातात घेताना मिलिसावचे डोळे भरून आले. पोलिसाला वाटलं, म्हातारा गरीब असावा.

“मला वाटलं, हे लोक तुला नेणार,” कूम दुसरीकडे बघत म्हणाला. सहा महिन्यांतलं त्याचं हे पहिलं वाक्य. मग थोडं थांबून, “तुझ्याकडे कॉफी मिळेल का? थंडी फार आहे.”

मिलिसाव पुढे निघाला, कूम मागून येणार होता. धुकं दाट झालं होतं. मिलिसाव पुन्हा पुन्हा आरशात बघत होता आणि आरशात काहीच नव्हतं. एक वळण गेलं, दुसरं गेलं. आला नाही. मन बदललं असणार, वाटेतून माघारी वळला असणार, सहा महिन्यांचा राग एका पावतीने थोडाच जातो. घराच्या फाटकात त्याने गाडी थांबवली तेव्हा त्याला खाली उतरावंसंही वाटेना.

मागे दार आपटल्याचा आवाज आला. कूम उतरत होता. त्याची गाडी मिलिसावच्या गाडीला नाक लावून उभी होती, आणि तिचे दोन्ही दिवे चालू होते. पिवळे, आंबलेल्या ताकासारखे, जवळ जाऊन वाकल्याशिवाय लागलेत की नाही ते कळू नये असे.

“काय बघतोस?” कूमाने विचारलं.

“काही नाही, कूमा,” मिलिसाव म्हणाला. “दिवे झकास आहेत तुझे. वाटभर दिसत होते.”