कोरडी दोरी

"हा तुमचाच ना फोटो, मामा? केवढे केस होते!"

"वाऱ्यानं नेले, बाई. अजून परत केले नाहीत."

बाई हसल्या. बंदराला दोनशे वर्षं पुरी होत होती, त्याचा इतिहास त्या लिहीत होत्या, म्हणून कचेरीत त्यांना सगळे पुस्तकवाल्या बाई म्हणत. मामांनी चष्मा पुसून कागद डोळ्यांजवळ नेला. होडीच्या टोकाशी एक तरणाबांड गडी उभा, हातात दोरी, तोंड गाण्यासाठी उघडलेलं. खाली छापलं होतं: ‘वाववाले मामा. चाळीस वर्षं बंदराची खोली मोजली. एकदाही चुकले नाहीत.’

"उद्या दुपारी छापायला जातंय. काही चुकलं असेल तर तोवर सांगा," बाई म्हणाल्या.

मामा तिथेच बाकावर बसून वाचू लागले. सगळं ओळखीचं होतं. खाडीच्या तोंडाशी वाळत घातलेली चार जाळी, मग वखारी, मग डोंगर फोडून समुद्रात लोटलेले, आणि जिथे मासे होते तिथे उभे राहिलेले रस्ते. बाजाराच्या मधोमध, कापडदुकानांत अडकलेला जुना दीपस्तंभ एके काळी पाण्यात पाय सोडून बसलेला असे. माणसांनी हे शहर समुद्राकडून मूठमूठ ओढून घेतलं होतं आणि समुद्र दर भरतीला गाळ टाकून आपला हक्क सांगत होता. म्हणून तर मामांची नोकरी. दोन्ही हात पसरले की होते ती लांबी म्हणजे एक वाव. वावागणिक खुणा बांधलेली, टोकाला शिसं लावलेली दोरी पाण्यात सोडायची आणि इंजिनाच्या वर आवाज जावा म्हणून आकडा गाऊन सांगायचा:

पाच वाव पाणी, खाली गाळ मऊ,
ये गं नावे, ये गं, मागं नको राहू.

सातवं प्रकरण आलं आणि मामांचं बोट थांबलं. ‘वाटाड्याने वळण चुकवल्याने मोठं जहाज वाळूत रुतलं. अकरा दिवस बंदर बंद राहिलं. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी बारा मैलांवरच्या नव्या बंदराची वाट धरली.’

वाटाड्या, म्हणजे बाहेरून आलेल्या जहाजावर चढून ते बंदरात आणणारा माणूस. अडतीस वर्षं झाली. तेव्हापासून शहर त्याला बंदरबुडव्या म्हणत होतं.

वळण चुकलं नव्हतं. त्या सकाळी मामांची जुनी दोरी तुटली. नवी दोरी तीन दिवस भिजवायची, ओली असतानाच ताणायची आणि मगच खुणा बांधायच्या, असा रिवाज. पण बंदराचे साहेब धक्क्यावरून ओरडत होते, दुपारी जहाज यायचं होतं, आणि मामांनी कोऱ्या, कोरड्या दोरीवर भराभर खुणा बांधल्या. पाण्यात दोरी आकसली, खुणा एकमेकींजवळ सरकल्या. सव्वाचार वाव पाणी दोरीनं साडेचार सांगितलं. दीड फुटाचा फरक. मामांनी तो सुरात गायला, आणि त्या आकड्यावर भरवसा ठेवून वाटाड्याने जहाज आत घेतलं.

चौकशीच्या दिवशी साहेबांनी दोरी मोजली. कपाटात राहून ती वाळली होती. बरोबर भरली. मामांनी तोंड उघडलं नाही. घरात पाळणा हलत होता. पुढे नोकरी कायम झाली, पाळण्यातली लेक लग्न होऊन गेली, आणि टाळ्याला चिकटलेली जीभ चिकटलेलीच राहिली.

"फोटो आलाय ना पुस्तकात? मग तोंड का एरंडेल प्यायल्यासारखं?" घरी आल्यावर मामींनी विचारलं.

मामांनी सांगितलं. सगळं. मामी भाजी निवडत होत्या. त्यांची बोटं थांबली नाहीत.

"एवढी वर्षं माझ्या शेजारी झोपलात, आणि हे मला आज कळतंय?"

"सांगायचं होतं."

"कधी? मी गेल्यावर?" पुढची जुडी ओढत त्या म्हणाल्या, "जावई पंचवीस प्रती सांगून बसलेत. पाहुण्यांना वाटायला."

"मग काय करू?"

"मला विचारून बांधल्या होत्या का खुणा?" मामींनी देठं गोळा केली. "आधी त्यांच्याकडे जा. बाईंकडे नंतर. ज्याचं गेलं त्याला पुस्तकातून कळायला नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा तीन जिने चढून गेले. परवाना गेल्यावर वाटाड्याने उरलेली नोकरी लाकडाच्या वखारीत फळ्या मोजण्यात काढली होती. आता तो एकटाच राहत होता.

"कोण, वाववाले? या. बंदर आटलं की काय, की इकडे आलात?"

पाठीत वाकला होता, पण चालताना अजून पाय फाकून टाकत होता, जमीन हलत असल्यासारखा. मामा खुर्चीच्या कडेवर टेकले. पाठ करून आणलेलं सगळं विसरलं.

"दोरी कोरडी होती," एवढंच म्हणाले. मग बाकीचं तुकड्यातुकड्यांनी आलं.

वाटाड्याने टेबलावर बोटाने एक वळण काढलं.

"म्हणजे वळण बरोबर होतं?"

"बरोबर होतं."

"मी रोज घेतो ते. दाढी करताना, जिन्यात. कधी वाटतं, सुकाणू आधी फिरवलं. कधी वाटतं, उशिरा. बायकोला शेवटच्या दुखण्यात सांगितलं, चूक माझीच होती, लोकांवर राग धरू नकोस. ती तेच घेऊन गेली."

वाटाड्याने हात उचलला तेव्हा मामांना वाटलं, आता मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने टेबलाचा खण उघडून एक कागद काढला.

"लिहा. तुमच्या अक्षरात. माझं कोण ऐकणार?"

"माझं पान काढून टाकतील ते," मामा म्हणाले, आणि म्हटल्याबरोबर त्यांची त्यांनाच लाज वाटली.

"टाकू देत. माझ्या नावाचं एक पान आहे ना, तेही टाकतील."

मामा लिहू लागले. पहिलीच ओळ उतरणीला लागली.

"तारीख घाला," वाटाड्या म्हणाला. "भरतीची वेळ पण. दोन वाजून दहा मिनिटं."

पंख्याच्या वाऱ्याने कागद उचलला जाऊ लागला. वाटाड्या खुर्ची ओढून शेजारी येऊन बसला आणि कागदाचं वरचं टोक त्याने दोन बोटांनी दाबून धरलं.